टॅबलेट संगणकाची दैनंदिन उपयुक्तता

टॅबलेट संगणक, म्हणजेच प्रचलित भाषेत टॅब, हा स्पर्शपडद्यावर चालणारा, एका हातात धरता येण्याजोगा सपाट संगणक होय. आकाराने तो स्मार्टफोन आणि लॅपटॉप यांच्या मधला असतो. वाचन, व्हिडिओ पाहणे, ऑनलाइन शिक्षण, अर्ज भरणे व दूरसंवाद ही त्याची नेहमीची कामे आहेत. घरात आधीच स्मार्टफोन असताना टॅबचा वेगळा उपयोग काय, हा प्रश्न या उपकरणाच्या जन्मापासून विचारला जात आहे. त्याचे उत्तर वापरणाऱ्याचे वय, काम, वीज व इंटरनेटची उपलब्धता आणि घरातील उपकरणांची संख्या यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या उपयुक्ततेचा आढावा मुख्यतः महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या संदर्भात घेतला आहे.

स्वरूप

टॅबच्या पडद्याचा कर्ण साधारणतः ७ ते १३ इंच असतो. त्यांपैकी ८ ते ११ इंची टॅब घरगुती वापरात अधिक आढळतात. साडेसहा इंची स्मार्टफोनच्या तुलनेत १० इंची टॅबच्या पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट भरते. त्यामुळे पाठ्यपुस्तकाचे अखंड पान एका वेळी वाचता येते. १० इंची टॅबचे वजन सामान्यतः ४५० ते ६०० ग्रॅम असते.

बहुतेक टॅब अँड्रॉइड किंवा आयपॅडओएस या कार्यप्रणालींवर चालतात. विंडोज प्रणालीवरील टॅबना कीबोर्ड जोडून लॅपटॉपसारखे वापरता येते. जोडणीच्या दृष्टीने टॅबचे दोन प्रकार पडतात. पहिला फक्त वाय-फायवर चालतो; दुसऱ्यात सिमकार्डाची सोय असते. शहरातील ब्रॉडबँड असलेल्या घरात पहिला प्रकार पुरेसा ठरतो. गावात मात्र त्याला दुसऱ्या कोणाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहावे लागते.

इतिहास

पुस्तकाएवढ्या आकाराच्या व्यक्तिगत संगणकाची कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी 'डायनाबुक' या नावाने मांडली. त्यावरील त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. ही कल्पना लहान मुलांच्या शिक्षणासाठी होती, हे विशेष. १९८९ मध्ये ग्रिडपॅड, १९९३ मध्ये ॲपलचे न्यूटन आणि २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरील टॅबलेट पीसी बाजारात आले. परंतु ते सर्वसामान्यांच्या घरात पोहोचले नाहीत.

२७ जानेवारी २०१० रोजी ॲपलने आयपॅड सादर केला व ३ एप्रिल २०१० पासून अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली. त्याच वर्षी सॅमसंगचा ७ इंची गॅलेक्सी टॅब आला. पुढे स्मार्टफोनचे पडदे मोठे होत गेल्याने २०१४ नंतर टॅबची जागतिक मागणी घटू लागली. २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे शाळा व कार्यालये बंद झाली, तेव्हा ती पुन्हा वाढली.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रसार

भारतात स्वस्त टॅबचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न 'आकाश' या नावाने ओळखला जातो. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे त्याचे अनावरण केले. डेटाविंड कंपनीच्या या ७ इंची टॅबची सरकारी खरेदी किंमत सुमारे २,२५० रुपये होती. संथ प्रक्रियक, दाब दिल्यावरच प्रतिसाद देणारा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी यांमुळे पहिल्या आवृत्तीवर टीका झाली. त्यानंतर प्रकल्पाची सूत्रे मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. सुधारित 'आकाश २' चे अनावरण तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ११ नोव्हेंबर २०१२ रोजी केले. ही योजना अपेक्षित प्रमाणात विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली नाही. मात्र किंमत कमी ठेवताना उपकरण वापरण्यायोग्य राहिले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा वर्गातील टॅबच्या वापरामुळे राज्यभर ओळखली गेली. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब वाटण्यास सुरुवात केली. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागील एक हेतू होता. 'प्रथम' या संस्थेनेही २०१५ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतील गावांत मुलांच्या लहान गटांना सामाईक टॅब देऊन शाळेबाहेरील शिक्षणाचा उपक्रम चालवला.

बीड जिल्ह्याची पार्श्वभूमी

बीड हा मराठवाड्यातील ११ तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ असून सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के नोंदले गेले. कापूस, सोयाबीन, बाजरी व तूर ही प्रमुख पिके असून शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे.

जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. हा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक 'कोयता', कामावर जाते. पुष्कळदा मुलेही सोबत जातात आणि शाळेचे दुसरे सत्र बुडते. मुले गावीच राहावीत म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे, तर बाहेर जाणाऱ्या मुलांना तेथील शाळेत प्रवेश मिळावा यासाठी शिक्षण हमी कार्ड दिले जाते. एखादे शैक्षणिक उपकरण या जिल्ह्यात उपयुक्त आहे की नाही, हे ठरवताना वर्षातील पाच-सहा महिन्यांच्या या स्थलांतराचा विचार करावा लागतो.

शिक्षणातील उपयोग

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांतील क्यूआर कोड स्कॅन केल्यास ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचावरील पूरक साहित्य उघडते. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा प्रारंभिक प्रयोग करणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मोबाइलच्या लहान पडद्यावर पान सतत सरकवावे लागते व आकृत्या तुकड्यातुकड्यांत दिसतात. टॅबवर ही अडचण येत नाही. एकदा साठवलेली पुस्तके व व्हिडिओ इंटरनेटशिवायही वापरता येतात.

अकरावी-बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी टॅबचा उपयोग अधिक ठळक आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेली महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, अर्थात 'महाज्योती', ही इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्यांना जेईई, नीट व एमएचटी-सीईटी परीक्षांचे ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठी मोफत टॅब व दररोज ६ जीबी इंटरनेट डेटा देण्याची योजना तिने राबवली. बीड जिल्ह्यात वंजारी, धनगर यांसारख्या भटक्या जमाती प्रवर्गातील समाजांची वस्ती मोठी असल्याने या योजनेला येथे विशेष महत्त्व आहे. शेजारच्या लातूर शहरात शिकवणीसाठी राहण्याचा खर्च ज्या कुटुंबांना झेपत नाही, त्यांच्या मुलांना गावात राहून तयारी करण्याचा हा एक मार्ग ठरतो.

तथापि परीक्षेचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक असते. जेईई मुख्य व एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर, माउस वापरून द्याव्या लागतात. नीट परीक्षा मात्र कागदी उत्तरपत्रिकेवर होत आली आहे. टॅबवरील सराव चाचण्यांमुळे वेळेचे नियोजन जमते. कागदावर गणिते सोडवण्याच्या सरावाला मात्र त्यामुळे पर्याय मिळत नाही.

शाळा बंद असतानाच्या काळात केवळ व्यक्तिगत उपकरणांवर विसंबून चालत नाही, हे २०२० मध्ये दिसून आले. त्या वर्षी जुलैमध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून सुरू झाली. घरात स्मार्टफोन वा टॅब नसलेल्या पहिली ते आठवीच्या मुलांपर्यंत ती दूरचित्रवाणीमार्फत पोहोचली.

संशोधनातील निष्कर्ष

उपकरण हाती दिल्याने शिक्षण आपोआप सुधारते का, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. पेरू देशात 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या कार्यक्रमांतर्गत लॅपटॉप दिलेल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या भाषा व गणितातील गुणांवर त्याचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. याउलट दिल्लीतील 'माइंडस्पार्क' या संगणकाधारित शिकवणी कार्यक्रमाच्या अभ्यासात सुमारे साडेचार महिन्यांतच गणित व हिंदी या दोन्ही विषयांत स्पष्ट सुधारणा दिसली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माइंडस्पार्कमध्ये प्रत्येक मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार प्रश्न दिले जात आणि केंद्रावर मार्गदर्शकही उपस्थित असत.

या दोन अभ्यासांतील फरक उपकरणाच्या किमतीत नसून त्यावरील आशय, वापराची शिस्त व मार्गदर्शन यांत आहे. हंगामी वसतिगृहात संध्याकाळी एका शिक्षकाच्या देखरेखीखाली सामाईक वापरले जाणारे काही टॅब, घरोघरी वाटून विनादेखरेख पडलेल्या अनेक टॅबपेक्षा अधिक फलदायी ठरू शकतात, असे या निष्कर्षांवरून अनुमान निघते.

शेती व शासकीय कामे

सातबारा उतारा, शिष्यवृत्ती, कृषी योजनांचे अनुदान व विविध दाखले यांसाठीची प्रक्रिया आता मोठ्या प्रमाणात ऑनलाइन झाली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. विद्यार्थी व शेतकरी या दोहोंच्या अनेक योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. असे लांबलचक अर्ज मोबाइलपेक्षा टॅबवर भरणे सोयीचे असते. कारण संपूर्ण रकाना व त्यातील चुका एका दृष्टिक्षेपात दिसतात. कागदपत्रांची छायाचित्रे टॅबच्याच कॅमेऱ्याने काढून जोडता येतात.

असे असले तरी काही कामांत टॅब मोबाइलची जागा घेऊ शकत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र स्थानाच्या नोंदीसह घ्यावे लागते. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅबमध्ये उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय नसते. शिवाय बहुतेक शासकीय सेवांचा ओटीपी नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर येतो. म्हणून टॅब जवळ असला तरी मोबाइल लागतोच. बायोमेट्रिक पडताळणी, छपाई व मोठ्या फाइलींचे काम यांसाठी नागरिकांना महा-ई-सेवा केंद्रात जावे लागते.

आरोग्य व सर्वेक्षण

आरोग्यसेविकांना माता व बालकांच्या नोंदी घरभेटीतच करता याव्यात यासाठी 'अनमोल' हे टॅबवर चालणारे ॲप २०१६ मध्ये देशात सुरू झाले. 'ई-संजीवनी' या सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. मोठ्या पडद्यामुळे रुग्ण व डॉक्टर यांना एकमेकांना नीट पाहता येते.

मोठ्या सर्वेक्षणांतही कागदी प्रश्नावलीची जागा टॅबने घेतली आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ ची माहिती अशाच उपकरणांवर गोळा करण्यात आली. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ३८ टक्के महिलांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते.

घरगुती वापर

ज्येष्ठ नागरिकांसाठी टॅबचा सर्वांत मोठा फायदा अक्षरांच्या आकारात आहे. अक्षरे मोठी केली तरी एका ओळीत पुरेसे शब्द मावतात. वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्या, मराठी विश्वकोश व विकिस्रोतावरील जुने ग्रंथ, तसेच कीर्तन-प्रवचनांची ध्वनिचित्रमुद्रणे यांसाठी तो सोयीचा ठरतो. कामानिमित्त पुणे-मुंबईस गेलेल्या मुलांशी किंवा ऊसतोडीस गेलेल्या आईवडिलांशी गावातील आजी-आजोबा व नातवंडे एकत्र बसून व्हिडिओ कॉलवर बोलू शकतात.

मराठीतून लेखनासाठी इनस्क्रिप्ट व उच्चाराधारित कळफलक उपलब्ध आहेत. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी आवाजी टंकनाची सोय केली. टंकलेखन न येणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. मात्र श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये तयार झालेले मजकूर युनिकोडवर आधारलेल्या टॅबवर बहुधा वाचता येत नाहीत.

वीज, उष्णता व देखभाल

टॅबला वीज अत्यल्प लागते. ८,००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीत साधारण ३० वॉट-तास ऊर्जा साठते. चार्जिंगमधील घट धरूनही एका युनिट विजेत असा टॅब सुमारे २५ वेळा पूर्ण चार्ज होऊ शकतो. एका चार्जिंगवर तो सामान्यतः ८ ते १० तास चालतो. वीज खंडित झाल्यावर डेस्कटॉप संगणक तत्काळ बंद पडतो. टॅबवरील काम सुरू राहते.

उष्णता ही मात्र मराठवाड्यातील खरी अडचण आहे. उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर बहुतेक टॅब ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात ठेवलेल्या टॅबची बॅटरी लवकर निकामी होते व फुगण्याचाही धोका असतो. ऊसतोड मजुरांच्या तळावरील कोपीत वीजजोडणी बहुधा नसते. धूळ, पाणी व चोरी यांची जोखीम तेथे अधिक असते.

पडदा फुटल्यास दुरुस्तीचा खर्च स्वस्त टॅबच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याएवढा होऊ शकतो. मोबाइलचे सुटे भाग तालुक्याच्या गावी सहज मिळतात. टॅबचे भाग अनेकदा मागवावे लागतात. निकामी टॅबची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते.

मर्यादा व टीका

टॅबवर मजकूर वाचणे सोपे असले तरी तो मोठ्या प्रमाणात लिहिणे अवघड जाते. एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम, शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा, हिशेबाची प्रणाली व संगणकीय आज्ञावली लिहिणे यांसाठी कीबोर्ड असलेला संगणकच लागतो. त्यामुळे केवळ टॅबवर शिकलेल्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी आवश्यक संगणककौशल्य मिळतेच असे नाही.

मोफत वाटपाच्या योजनांवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप सातत्याविषयी आहे. योजनेचा डेटा संपल्यावर पुढील खर्च कुटुंबावर पडतो. दुरुस्तीची तरतूद नसल्यास उपकरण पडून राहते. कालांतराने कार्यप्रणालीची अद्यतने थांबतात आणि नवीन ॲप चालेनाशी होतात.

घरात टॅब कोणाच्या हाती राहतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 'असर' या वार्षिक शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण सर्वेक्षणात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. विद्यार्थिनीच्या नावे मिळालेला टॅब तिच्यासाठी स्वतःचे पहिले उपकरण असू शकतो. शिक्षण खंडित होण्याची भीती असलेल्या मुलींच्या बाबतीत त्याचे मोल अधिक आहे. तो घरातील इतरांच्या करमणुकीसाठी वापरला गेल्यास योजनेचा हेतू साध्य होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दोन वर्षांखालील मुलांसाठी पडद्यासमोर बसून वेळ घालवणे योग्य मानलेले नाही. २ ते ४ वर्षे वयासाठी ही मर्यादा दिवसाला कमाल एक तास आहे.

निवडीचे निकष

टॅब घेण्यापूर्वी पुढील बाबी तपासणे उपयुक्त ठरते:

• घरातील सध्याच्या मोबाइलवर न होणारे नेमके कोणते काम टॅबवर करायचे आहे.
• गावात वाय-फाय नसल्यास सिमकार्डाची सोय आहे का.
• स्थाननिश्चितीची सोय आणि मेमरी कार्डासाठी जागा आहे का.
• कार्यप्रणालीची अद्यतने किती वर्षे मिळणार आहेत.
• दुरुस्ती केंद्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का.
• दीर्घ लेखन अपेक्षित असल्यास कीबोर्डची किंमत धरून लॅपटॉप परवडतो का.

ज्या कुटुंबात एकच स्मार्टफोन असून तो दिवसभर कमावत्या व्यक्तीबरोबर बाहेर असतो, तेथे विद्यार्थ्यासाठी टॅब हे उपयुक्त दुसरे उपकरण ठरते. ज्या घरात प्रत्येकाकडे मोठ्या पडद्याचा मोबाइल व एक लॅपटॉप आहे, तेथे टॅबची गरज मुख्यतः वाचन व करमणुकीपुरती उरते.

हेही पहा

• आकाश (टॅबलेट)
• बीड जिल्हा
• बालभारती
• ऊसतोडणी कामगार
• ई-पीक पाहणी
• स्मार्टफोन